अर्धा फेरा

"बाबा, तू उजवीकडे का वळत नाहीस?"

खरं तर हा प्रश्न माझा नव्हता. फुटपट्टी आणि चिमणी, माझ्या दोन मैत्रिणी, मागच्या सीटवर बसून एकमेकींना कोपरं मारत होत्या, आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या दोघींनीच तो माझ्या गळ्यात मारला होता. "विचारून दाखव, नाहीतर वर्षभर आमच्या प्रयोगवह्या तू लिहायच्या." दर शनिवारी बाबा आम्हां तिघींना आजोबांच्या जुन्या गाडीतून शाळेत सोडतो. शाळा चौकातून उजवीकडे, तीन मिनिटांवर. बाबा चौकातून सरळ पुढे जातो, मग डावीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि त्याच चौकात आडवा येऊन शाळेच्या रस्त्याला लागतो. मी इतकी वर्षं त्या गाडीत बसतेय, पण मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही ना, तसं. फुटपट्टीने भूमितीच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर आमचा रस्ता काढला आणि कुजबुजली, "अगं, तुझा बाबा चौकोन काढतो." झालं. तेव्हापासून तो चौकोन माझ्या डोक्यातून जाईना. आणि गेल्या वर्षापासून माझं असं झालंय की डोक्यात आलेलं तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. आठवीपर्यंत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. आता बाई म्हणतात, खाली घे जरा, बाकीच्यांनाही बोलू दे.

मी बाबाच्या हातांकडे बघत होते. गाडी अगदी सरळ जात होती आणि त्याचे हात मात्र चाकावर सतत डावीउजवीकडे चालले होते, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, कढईत काहीतरी हलवत असल्यासारखे. आमच्या स्टिअरिंगला प्ले आहे, म्हणजे चाक थोडं फिरवलं तरी गाडीला त्याचा पत्ताच लागत नाही. हेही मी इतकी वर्षं बघत होते आणि हेही मला कधी दिसलं नव्हतं. तिसरं डावं वळण आलं तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "जा, विचार त्या सायलेन्सरला." त्यानंतर शाळेपर्यंत गाडीत फक्त इंजिन बोललं. उतरल्यावर चिमणीने माझी बाही ओढली. "सायलेन्सर कोण गं? गुंड आहे का?" मी म्हटलं, "मेकॅनिक आहे." ती जरा निराश झाली.

सायलेन्सर म्हणजे बाबाचा शाळेपासूनचा मित्र. म्हणजे होता. दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो म्हणून हे नाव, आणि ते बाबानेच ठेवलेलं, पण आमच्या घरात सात वर्षं ते शिवीसारखं वापरलं जातं. मी आठ वर्षांची असताना एका रविवारी संध्याकाळी आई, बाबा आणि मी निघालो होतो, बाबाने चौकात गाडी उजवीकडे वळवली आणि चाक तिथेच अडकलं. एरवी वळण झालं की हात सैल सोडायचा, चाक आपसूक सरळ येतं. त्या दिवशी ते आलं नाही. गाडी वळतच राहिली, वळतच राहिली, आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर गेली. मला आपटल्याचं आठवत नाही, माझ्या हातातलं चित्रांचं पुस्तक उडून समोरच्या काचेला चिकटलं तेवढं आठवतं. बाबाच्या दोन बरगड्या मोडल्या. आईच्या कपाळावर केसांच्या कडेला तीन टाके पडले; तेव्हापासून ती मधला भांग सोडून डावीकडून पाडते. त्याच्या आठवडाभर आधी सायलेन्सरकाकांनी गाडीच्या स्टिअरिंगला ग्रीस भरलं होतं. बाबा इस्पितळातून आला आणि म्हणाला, त्यानेच स्टिअरिंगचा बॉक्स आवळून ठेवला, जीव घेत होता आमचा. बस्स, एवढंच. पोलीस नाहीत, भांडण नाही. पण बाबाचं चष्म्याचं दुकान आहे, डोळे तोच तपासतो, आणि त्याच्या त्या उंच खुर्चीत बसलेला माणूस हलू शकत नाही. हनुवटी टेकवलेली, एक डोळा झाकलेला, समोर अक्षरांचा तक्ता. बाबा भिंग बदलत बदलत सांगायचा. "हे बरं की मघाशीचं? हां. गाडी कुठे दाखवता तुम्ही? त्या सायलेन्सरकडे? अहो..." मी शाळेतून दुकानात यायचे आणि बाकावर बसून गृहपाठ करायचे, तेव्हा ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! मला ती पाठ होती. कुठे थांबायचं, कुठे बरगडीला हात लावायचा, सगळं. सायलेन्सरकाकांचं चौकातलं मोठं गॅरेज हळूहळू रिकामं झालं. आता ते मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडमध्ये असतात. त्याचा आणि त्या खुर्चीचा काही संबंध असेल, हे मला शनिवारी शाळा सुटेपर्यंत सुचलं नव्हतं. म्हणजे मी काही फार हुशार नाही.

बाबाने 'जा विचार' हे रागाने म्हटलं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण म्हटलं तर होतं ना? मी गेले. शेडमध्ये एकच गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी म्हटलं, "काका." पाय थांबले. "कोण?" "चष्मेवाल्याची मुलगी." ते चाकांच्या फळीवरून सरकत बाहेर आले आणि झोपूनच माझ्याकडे बघत राहिले. मी इतकी उलटी कुणाला कधी दिसले नव्हते. "मोठी झालीस," ते म्हणाले. मग उठले, हात पुसले, हात पुसत राहिले. मी ठरवून गेले होते की आधी नमस्कार, मग शाळेचं, मग हळूच मुद्दा. पण माझं तोंड माझं ऐकत नाही. "आमच्या गाडीचा बॉक्स तुम्ही आवळला होता का?" त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं. "सात वर्षं झाली," ते म्हणाले. "कुणी विचारलं नव्हतं." ते चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मला टेबलाशी नेलं. तिथे दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा जुना बॉक्स शिकंज्यात पकडून ठेवला होता. नारळाएवढं लोखंड, वरून एक दांडा आत जातो, बाजूने एक बाहेर येतो. वरचा फिरवला की बाजूचा हलतो आणि तो चाकं वळवतो. "फिरव," ते म्हणाले. मी फिरवला. मध्यावर दांडा नुसताच खुळखुळत होता, हलणारा दात जिभेने ढकलावा तसा. जरा पुढे नेला तसा घट्ट झाला, आणखी पुढे आणखी घट्ट. "मध्य झिजतो. कारण?" त्यांनी मला खरंच विचारलं, परीक्षेला विचारतात तसं. मी विचार केला. "कारण आपण सगळ्यात जास्त सरळच जातो?" ते हसले नाहीत, पण त्यांनी मान अशी हलवली की मला वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी झाकणावरचा एक स्क्रू पेचकसाने अर्धा फेरा आत नेला आणि म्हणाले, "आता." आता मध्यावर खुळखुळ नव्हती. छान होतं. मी म्हटलं, "बरा झाला की!" "वळव." मी वळवलं. थोडं गेलं, आणि मग आतल्या आत कुणीतरी मनगट धरल्यासारखं ते थांबलं. मी जोर लावला तर पुढे गेलं, पण सोडलं तर परत येईना. तिथेच. मी हात झटकन मागे घेतला, आणि ग्रीसचा वास नाकात शिरला, आणि मला काहीतरी आठवायला लागलं. शब्द अगदी जिभेवर असतो आणि येत नाही, तसं. ते मी तेव्हा मागे ढकललं.

"झिजलेला बॉक्स आवळून बरा होत नाही," काका म्हणाले. "बदलायचा असतो. तुझ्या बापाला सांगितलं होतं. तो म्हणाला, वडिलांची गाडी आहे, मूळचं काही काढायचं नाही." मग ते स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी त्यांनी खाली काढलं. आत एक बॉक्स होता, आमच्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा, आत छऱ्यांवर चालणारा. तो फिरवताना नुसतं पाणी फिरवल्यासारखं वाटत होतं. आणि त्याच्यासोबत कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचं चाक ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा. आमच्या गाडीत तो एकसंध आहे, बॉक्सपासून थेट बाबाच्या छातीपर्यंत भाल्यासारखा सरळ. भिंत बॉक्सला ढकलते, बॉक्स दांड्याला, दांडा बरगड्यांना. हा नवा दोन तुकड्यांचा होता, मध्ये सांधा, वर जाळीदार नळी. धक्का बसला की नळी स्वतः चिरडते आणि दांडा आतल्या आत दुमडतो, माणसापर्यंत येत नाही. मी विचारलं, "हे तेव्हाच आणून ठेवलं होतं?" "हं." "मग सात वर्षं विकलं का नाही?" काकांनी चादरीची घडी घातली. "दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नाही."

मी निघाले तेव्हा ते पुन्हा गाडीखाली शिरले होते. पाय म्हणाले, "मी बसवलेल्या स्क्रूवर रेघ मारतो. पिवळी. झाकण, नट, स्क्रू, तिन्हींवरून एक. बघ कुठे आहे." त्या दिवसाचे त्यांचे वीस शब्द केव्हाच संपले होते, पुढच्या महिन्याचेही संपले असतील.

रविवारी सकाळी बाबा दुकानात होता आणि आई घरीच, पण तिने मला काही विचारलं नाही. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, आणि तिचं म्हणणं असं की नमुना हातात आल्याशिवाय बोलू नये. मी बॉनेट उघडलं. वाटीत रॉकेल घेतलं, जुना टूथब्रश घेतला, आणि कडेला पोट टेकवून आत वाकले. बॉक्स खाली, खोल, सात वर्षांच्या काळ्या चिखलाखाली होता. मी घासत राहिले. आधी झाकण दिसलं, मग नट, मग नटाच्या मधोमध स्क्रूचं डोकं. झाकणावर पिवळी रेघ होती, नीट, एखाद्या मुलीने भांग पाडावा तशी सरळ. नटावर ती एका बाजूला गेलेली. आणि स्क्रूवर ती बरोबर उलट्या अंगाला होती. झाकणावरची रेघ बारा वाजता असेल तर स्क्रूवरची सहा वाजता. म्हणजे काकांनी रेघ मारल्यानंतर कुणीतरी तो फिरवला होता, आणि आमची गाडी त्यानंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त पत्रा ठोकायला गेली होती. तिथे बाबा स्वतः दिवसभर उभा राहिला होता, बॉनेटला कुणाला हात लावू दिला नव्हता. हाही त्या खुर्चीतल्या गोष्टीचा एक भाग होता. लोक त्यावर हसायचे.

माझं नाक रॉकेलच्या वाटीवर होतं आणि मला आठवलं. आठवलं म्हणजे, ते कधी विसरलेच नव्हते, नुसतं वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. त्याच रविवारची दुपार. मी चालकाच्या जागेवर बसलेय, माझे पाय खाली पोचत नाहीत, मांड्यांना सीटचं रेक्झिन चिकटलंय. चाक माझ्या चेहऱ्याएवढं नाही, माझ्याहून मोठं. बॉनेट वर उघडं, म्हणून बाबा दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतोय, दुकानातला, गिऱ्हाइकाशी बोलायचा मऊ आवाज. "हलव. हे बरं की मघाशीचं?" मी हलवते. "हे." पेचकसाचा कर्र आवाज. "आता? हे बरं की मघाशीचं?" "हे." मला इतकं भारी वाटतंय. दुकानातल्या उंच खुर्चीत मला कधी बसू देत नाहीत, आणि आज बाबा मलाच विचारतोय आणि मी सांगेन तसं होतंय. चाक आता अजिबात खुळखुळत नाही. बाबा विचारतो, "झालं?" आणि मी, कारण ते संपू नये असं मला वाटतंय, कारण आवाज माझा आहे आणि कुणीतरी तो ऐकतंय, मी म्हणते, "अजून थोडं." कर्र.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं वर्गात हात वर केला नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला हसूच आलं, बॉनेटमध्ये डोकं घालून, एकटीच. मग थोडं रडू आलं, पण फार नाही. रॉकेलचे हात डोळ्यांना लावता येत नव्हते. मला बाबाचा राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण त्याला नीट एक टोक नव्हतं. तो खोटं बोलला होता, तेही शेकडो वेळा, एक डोळा झाकलेल्या माणसांशी. पण सात वर्षं तीन डावी वळणं घेणारा माणूसही तोच होता. आणि एक गोष्ट त्याने कधीच केली नाही, हे मला तिथेच, कमरेत कळ येईपर्यंत वाकलेली असताना कळलं: त्याने एकदाही, रागातसुद्धा, 'तूच अजून म्हणालीस' असं म्हटलं नव्हतं. त्याला ते आठवत नसेल, असं होणार नाही. गिऱ्हाइकाचं उत्तर तो विसरत नाही. मी बॉनेट लावलं. काळा टूथब्रश धुतला नाही, तसाच वाटीत ठेवून वर आणला.

दुपारी तिघं जेवायला बसलो. मी वाटी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. बाबा म्हणाला, "हे काय टेबलावर?" आणि मग त्याला वास आला. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसलेल्या माणसांसारखा पाहिला, हनुवटी जागेवरून हलत नाही असा.

"रेघ सापडली," मी म्हटलं. "पिवळी. स्क्रूवर उलटीकडे आहे."

आईने भाताचा डाव खाली ठेवला. बाबा ताटाकडे बघत होता. "अर्धा आवळला होता," तो म्हणाला. "नंतर... घरी आणल्यावर घाबरून पूर्ण एक सोडला. म्हणून आता एवढा प्ले आहे." मग आईकडे न बघता, "मला वाटलं होतं, बरं होईल."

"त्या दिवशी टाके घालताना तू माझा हात धरला होतास," आई म्हणाली. "तुझ्या नखांत ग्रीस होतं. मी म्हटलं, विचारावं. मग म्हटलं, बरगड्या जुळू देत. मग म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ दे." तिने कपाळावरचे केस मागे सारले, आणि पुन्हा पुढे घेतले नाहीत. "मीही नाहीच विचारलं. तेवढं माझ्याही नावावर."

"मी 'अजून थोडं' म्हणाले होते," मी म्हटलं.

बाबाने इतक्या जोरात मान वर केली की मी दचकले. "तू आठ वर्षांची होतीस. पेचकस माझ्या हातात होता." आवाज त्याचा, पण दुकानातला नाही, मऊ नाही. "ते तुझं नाही. कळलं? ते तुझं अजिबात नाही."

"मग कुणाचं आहे?" मी विचारलं.

हा प्रश्न मात्र माझाच होता. कुणी पैज लावली नव्हती. बाबाने ताट जरासं पुढे सरकवलं. आई त्याच्याकडे बघत होती, केसांच्या कडेला ती तीन टाक्यांची पांढरी खूण, झाकणावरच्या रेघेएवढी. आणि मला वाटलं की आता सगळे गप्प बसतील, कुणीतरी भात वाढेल, आणि पुढची सात वर्षं सुरू होतील. ते मला नको होतं. मी खुर्चीवरून उठले. उठून बोलायची काही गरज नव्हती, पण मला उभं राहिल्यावर चांगलं बोलता येतं.

"माझं ठरलंय," मी म्हटलं. "या बॉक्सवर आता गाडी कुणीच चालवायची नाही. शनिवारी शाळा सुटली की ती सायलेन्सरकाकांकडे न्यायची. नवा बॉक्स आणि नवा कॉलम त्यांच्या फळीवर तयार आहेत, आणि बसवताना मी तिथे असणार, रेघ मी मारणार. गाडी ढकलत न्यायची. आई स्टिअरिंगला बसेल, बाबा आणि मी मागून. चौकातून उजवीकडे. भर दुपारी. लोक बघतील, ते तुझीच गिऱ्हाइकं आहेत बाबा, बघू देत. तिथे पोचल्यावर कुणीतरी काकांना सांगायचंय की स्क्रू आमच्या घरी फिरला. मला वाटतं ते तू सांगावंस. पण तू नाही आलास, तर फुटपट्टी आणि चिमणीला घेऊन मी गाडी ढकलेन, आणि मी सांगेन."

मग मी बसले आणि आईकडे ताट केलं, कारण मला खरंच खूप भूक लागली होती.